नव्वद कंबरेचा परकर

फिर्मां आमच्या शिवणाच्या दुकानात पहिल्यांदा आला तो चक्क चुकून. जायचं होतं शेजारच्या बेकरीत! दार उघडलं, मला बघितलं, लालबुंद झाला... आणि "नाहीतरी शिवायचंच होतं" असं पुटपुटत एक चिठ्ठी खरडून पळाला. चौऱ्याहत्तरचा जुलै होता तो. अजूनही ताज्या पावाचा वास आला की त्याचा तो चेहरा आठवतो.

चिठ्ठीत लिहिलं होतं : 'एक जुपों. पांढरा, मजबूत. कंबर नव्वद सेंटिमीटर. जत्रेसाठी.'

जुपों! म्हणजे परकर.

बर्गंडीतल्या आमच्या गावची जुनी कागदपत्रं लावायला आलेला हा तरुण, जत्रा झाली की सोमवारी रुआंला परत जाणार, एवढं मला ठाऊक होतं. आता कळलं की त्याची कुणीतरी आहेसुद्धा. आणि नव्वद कंबर! चांगली खातीपिती असणार. आठवडाभर तिच्या नावाने बोटं मोडत मी तीनपदरी झालर लावली. एवढा सुंदर परकर मी कधी शिवला नव्हता... आणि शिवताना एवढी रडलेही नव्हते. चोवीस वर्षांची होते, अक्कल कुठे होती!

शनिवारी सकाळी तो न्यायला आला. झालर बघून त्याने परकर स्वतःच्या कमरेला लावून पाहिला.

"मादमोआझेल सोलांज, हे... मी घालायचं?"

"तुम्ही कशाला? तुमच्या तिने घालायचं!"

"कोण ती?"

"नव्वद कंबरवाली!"

"अहो, नव्वद माझी आहे!"

मग अडखळत त्याने सांगितलं — त्याच्या त्या जुन्या कागदांत जुपों म्हणजे सरदारांचा कापूस भरलेला डगला, चिलखतावरून घालायचा. सहाशे वर्षांत तो शब्द सरदारांच्या अंगावरून उतरून बायकांच्या कमरेला आलाय, हे स्वारी साफ विसरली! आणि उद्या जत्रेतल्या जुन्या काळच्या मिरवणुकीत हेच सरदार होणार होते.

मी हसत सुटले. म्हणजे कुणी नव्हतीच! अगं बाई, कुणी नव्हतीच...

"छातीचं माप द्या," मी म्हटलं, "दुपारपर्यंत शिवते."

दोन कापडांत कापूस घालून गोधडीसारखे टाके घालायचे, त्यात काय अवघड? अवघड होतं ते माप घेणं. टेप त्याच्या पाठीमागून फिरवली आणि माझे हात तिथेच राहिले.

"किती भरली?" त्याने हळूच विचारलं.

मला आकडाच दिसत नव्हता.

"सोमवारी जाऊ नकोस," मी म्हटलं.

"तू... मला 'जाऊ नकोस' म्हणालीस?"

"हो. एकदा सांगून कळत नाही?"

"अगं, पण तिकीट काढलंय..."

"मग फाड!"

फाडलं की त्याने. तिथल्या तिथे, बारीक बारीक तुकडे करून दुकानभर उधळले. झाडू मात्र मला मारावा लागला... आणि पंचेचाळीस वर्षं झाली, अजून मीच मारतेय.