मुजिबच्या दरीतला धक्का

धिबान गावात मुफलिहला सगळे हायब्रिड गाड्यांचा डॉक्टर म्हणायचे. त्यामुळे त्याच्याच गाडीची बॅटरी मेली, तीही मुजिबच्या दरीत अगदी तळाशी, हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

वळणांनी कासावीस झालेली लुजैन, त्याची धाकटी, थांबा म्हणाली. तळाशी असलेल्या धरणावरच्या रस्त्यावर त्याने गाडी उभी केली आणि सवयीने इंजिन बंद केलं. तिने तोंड धुतलं, दोन घोट पाणी पिऊन ती परत बसली. त्याने किल्ली फिरवली. डॅशबोर्डवर एक दिवासुद्धा लागला नाही.

"बाबा, परवाच तुम्ही नवी बॅटरी आणून ठेवली होतीत ना?"

"ती काल एका गिऱ्हाइकाला बसवली."

"वा! अख्ख्या गावाच्या गाड्या पळतायत आणि आपली बसली रुसून."

"जेवढं तोंड चालतंय तेवढा पेपरात हात चालव."

ती हसली नाही. नऊला पाच कमी होते, करक अजून पाऊण तास लांब होतं, आणि दहाला तिथल्या परीक्षेच्या शाळेचं फाटक बंद होणार होतं. गेल्या वर्षी तिचं बारावीचं गणित राहिलं होतं. आजचा पेपर हुकला की नर्सिंगची जागा गेली. फोनला रेंज नव्हती. लोक हल्ली मोठ्या हमरस्त्याने जातात, दरीत चिटपाखरू नव्हतं.

मागच्या सीटजवळची मोठी बॅटरी ठणठणीत होती. पण गाडीतल्या सगळ्या यंत्रांना जागं करते ती पुढची छोटी, आणि तीच पार गेली होती. गिअरची गाडी म्हटल्यावर लोकांना वाटतं, धक्का मारला की झालं. साध्या जुन्या गाडीत होतंही. हिच्या छोट्या बॅटरीत थोडी तरी धुगधुगी लागते, नाहीतर आतला कॉम्प्युटर उठत नाही आणि इंजिनात पेट्रोलचा थेंब उतरत नाही. हे तो गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं समजावत आला होता. शिवाय पुढे चढ होता.

"तरी मी ढकलते," लुजैन म्हणाली. "तुम्ही त्या दुखऱ्या मणक्याने वाकू नका. आत बसा."

पोरीचं मन मोडवेना म्हणून तो स्टिअरिंगवर बसला. दुसरा गिअर टाकून क्लच दाबून धरला.

गाडी हलली. मग चक्क पळू लागली. मागून पुरुषांच्या धापा ऐकू आल्या, खडीवर पुष्कळ पायांचा आवाज आला, उन्हात तापलेल्या लोकरीचा वास आला. मेंढपाळ धावून आले असणार, त्याला वाटलं. आपल्याकडे अडलेल्या माणसाला हाक मारावी लागत नाही. चढ लागला तरी वेग उतरला नाही. त्याने क्लच सोडला. इंजिनाने एक गचका खाल्ला आणि ते सुरू झालं.

त्याने वेग जरा कमी केला, तशी लुजैन धावत येऊन आत पडली.

थांबायची सोय नव्हती. पुन्हा बंद पडली असती तर संपलंच. थोडं पुढे गेल्यावर त्याने खिडकीतून हात बाहेर काढून हलवला आणि ओरडला, "अल्ला तुम्हाला बळ देवो!"

तो हात कुणीतरी दोन्ही हातांनी धरला, प्रेमाने दाबला आणि सोडला. वेगाचा काटा पन्नासवर होता.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "किती जण होते गं?"

"कोण?"

"ढकलणारे."

"मी एकटीच होते, बाबा. मी नुसता हात टेकवला आणि गाडी सुटली."

दहाला चार मिनिटं असताना ती फाटकातून आत गेली. मुफलिहने तिथेच एका दुकानात नवी बॅटरी बसवून घेतली. दुकानदाराने जुनी तपासली.

"उस्ताद, हिच्यावर टॉर्चसुद्धा पेटणार नाही. आलात कसे?"

"धक्का मारून."

दुकानदाराला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

लुजैन बाहेर आली ती नाचतच. "एक गणित सोडून सगळं आलं, बाबा!"

त्याचे डोळे भरून आले. हे त्याच्या हुशारीने झालेलं नव्हतं. आभार मानल्याशिवाय घरी गेला असता तर त्याला झोप लागली नसती. त्याने थर्मासभर वेलचीची कॉफी आणि एक छोटा कप घेतला.

तीन वाजता धरणावर लख्ख ऊन होतं. त्याने कप भरून कठड्यावर ठेवला.

"जे कुणी असाल," तो मोठ्याने म्हणाला, "माझी पोर वेळेवर पोचली. हे उपकार मी विसरणार नाही."

दोघं थोडा वेळ पाण्याकडे बघत उभी राहिली. वळून पाहिलं तर कप कठड्यावर नव्हता. तो मुफलिहच्या पायांपुढे जमिनीवर होता. थेंब सांडला नव्हता.

लुजैनलाही आपल्याकडची रीत ठाऊक होती. मागणं घेऊन आलेला माणूस कॉफीला तोंड लावत नाही, कप यजमानापुढे ठेवतो. यजमान "दिलं" म्हणाला की मगच पितो. थोरल्या लेकीला मागणी घालायला आलेल्यांनी असाच ठेवला होता.

नाही म्हणायला जीभ वळेना. एवढं करणाऱ्याला कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं?

"प्या," तो म्हणाला. "मागितलंत ते दिलं."

कॉफी हळूहळू खाली गेली. कपाचा तळ दिसला.

ती दोघं गाडीत बसली. त्याने किल्ली फिरवली, सगळे दिवे लागले. लुजैनने आपली सीट पुढे ओढून घेतली.

"काय गं?"

"मागून त्यांचे गुडघे लागतायत," ती म्हणाली, आणि तिने डोक्यावरचा रुमाल नीट केला.