तीन फोन, एक मनोरा

तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे तीन फोन एकाच वेळी कसे बंद पडतील? खारवलीच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या ऋता तांडेलला हे कोडं काही केल्या उलगडेना. भर दुपारी आभाळ काळवंडलं होतं. वादळाचा इशारा देत गावातले सगळे फोन वाजून गेले होते. पण तो इशारा समुद्रातल्या होड्यांपर्यंत पोहोचला का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एका होडीवर ऋताचे बाबा होते, दुसरीवर भास्करकाका. तिने दोघांचेही लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही फोन लावून पाहिले. एकही लागेना.

खारवलीत प्रत्येक होडीवर तीन कंपन्यांचे तीन फोन असत. एक रुसला तर दुसरा, तोही रुसला तर तिसरा. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की या फोननाही हळदकुंकू लागे. शहरातले पाहुणे हसायचे. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, कारण या रिवाजाने पूर्वी जीव वाचवले होते.

ऋताच्या आईचे वडील, यशवंत वैती, फोनच्या यंत्रणांवर संशोधन करत. निवृत्त झाल्यावर ते लेकीच्या गावी राहायला आले होते. ते धक्क्यावर आले तशी ऋताने त्यांना गाठलं.

"आजोबा, तिन्ही कंपन्या एकदम कशा बिघडतील?"

"तीन आहेत कुठे, बाळ? आता एकच आहे."

मग त्यांनी धक्क्यावरच्या खुंट्यांकडे बोट दाखवलं. होडी तीन दोरांनी तीन खुंट्यांना बांधली, तर एक खुंटा उखडला तरी ती जागेवर राहते. पण तिन्ही दोर एकाच खुंट्याला बांधले तर? ऋताने मान खाली घातली. तिला कळलं होतं, आणि कळलं म्हणून जास्तच भीती वाटत होती.

पण कंपन्यांनी असं का केलं, असं तिने विचारलं. आजोबा वाऱ्यात आवाज चढवून सांगू लागले. भर समुद्रात फोन चालावेत म्हणून पूर्वी प्रत्येक कंपनीचा स्वतःचा तरंगता मनोरा (फोनचा संदेश झेलून पुढे पाठवणारा खांब) होता. मनोऱ्याचा खर्च दहा माणसं बोलली काय आणि दहा हजार बोलली काय, जवळपास तेवढाच. त्यामुळे जिच्याकडे माणसं जास्त, तिला प्रत्येक माणसामागे खर्च कमी. मोठीने दर उतरवले. लहानीला ते परवडेनात, म्हणून ती विकली गेली. याला विलीनीकरण (दोन कंपन्या मिळून एक होणं) म्हणतात. पुढे तिसरीचंही तेच झालं. फोन स्वस्त झाले, लोक खूश झाले. नावं आणि रंग तेवढे जुनेच राहिले, कारण लोकांना त्यांची सवय होती. मग मोठ्या कंपनीतल्या कुणा शहाण्याला वाटलं, तीन मनोरे हवेत कशाला? दोन मनोरे ओढून नेऊन भंगारात काढले.

"आणि राहिलेला एक आज वादळाने पाडला असणार," आजोबा म्हणाले.

संध्याकाळी बाबांची होडी मोडक्या शिडासह परत आली. भास्करकाकांची आली नाही. काकू धक्क्यावरून हलायला तयार नव्हती. बाबा तिच्यासमोर उभे राहिले, पण त्यांना तिच्याकडे बघवेना.

"मी हाक मारून सांगितलं त्याला, आभाळ बरं दिसत नाही, फिरूया. तो म्हणाला, तीन फोन आहेत दादा, वादळ असतं तर एक तरी वाजला असता."

काका पुन्हा आलेच नाहीत. कितीतरी दिवसांनी ऋताने आजोबांना विचारलं, फोन बंद आहे की सगळं ठीक आहे, हे काकांना कळणार कसं होतं? दोन्ही वेळेला शांतताच की. यंत्रणा उभारणाऱ्या मोठमोठ्या माणसांनीही हे विचारायला हवं होतं, असं आजोबा म्हणाले.

दोघांनी मिळून उपाय शोधला. गावाने टेकडीवर स्वतःचं बिनतारी केंद्र उभारलं, कुठल्याही कंपनीशी न जोडलेलं. त्यावरून दर थोड्या वेळाने होड्यांवर बसवलेल्या बिनतारी संचांना एकच निरोप जाई, "ठीक आहे." निरोप आला नाही तर जाळी ओढायची आणि परत फिरायचं. शांतता म्हणजे धोका, हे खारवलीतल्या लहान पोरांनाही पाठ झालं.

पुढच्या हंगामात एके दिवशी केंद्रच बिघडलं. वादळ नव्हतं, लाट नव्हती, लख्ख ऊन होतं. तरी एकामागून एक सगळ्या होड्या रिकाम्या परत आल्या. खलाशी कुरकुरत होते, दिवस वाया गेला म्हणून. ऋता ओशाळून उभी होती. काकूने धक्क्यावर येऊन होड्या मोजल्या. एकही कमी नव्हती.

"भाऊजी," ती बाबांना म्हणाली, "असेच परत फिरत जा."

मग ती ऋताचा हात धरून टेकडी चढू लागली, केंद्र दुरुस्त करायला.