बिनछापाचे खुंट

“दिवा राहू दे तसाच. आणि धाकटे, मध्येच ‘मग काय झालं, मामा’ करायचं नाही,” म्हणत मामांनी पाय वर घेतले.

माझ्या साडूची गोष्ट. जंगलतपासनीस होता. तोड नियमाने झाली का, ते बघायचं, एवढंच काम. ज्या झाडाची परवानगी, त्याच्या अगदी बुडाशी हातोड्याने छाप मारतात. झाड गेलं तरी खुंटावर पुरावा राहतो. ओढ्याकाठी मात्र एकही झाड तोडायचं नाही.

तिथल्या वनरक्षकाने कळवलं, काठावर बिनछापाची तोड चाललीय, लवकर या. साडू घरबसल्या लिहून मोकळा, ‘नियम पाळले आहेत.’ आठवड्यात तोडवाल्यांनी वनरक्षकावरच झाड पाडलं. पाय खोडाखाली. रात्रभर हाका मारत होता बिचारा. सकाळी संपला. साडूने तेही लिहिलं, ‘स्वतःचा निष्काळजीपणा.’

वर्षाने वरून हुकूम आला, काठावरचे खुंट स्वतः मोजा. अकरा तारीख, मंगळवार. मोजता मोजता पावणेआठ झाले. ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, उरलेले लिहून टाका की अंदाजाने. नेहमीसारखे.”

साडू हसला. वही उघडली.

तोच अंधारातून आवाज आला. वनरक्षक मोजून ओरडतात, तसा.

“घेर एकशे ऐंशी. छाप नाही.”

ड्रायव्हर जीपकडे पळाला. साडूचे पाय उचलेनात. हात मात्र लिहीत होता...

“घेर एकशे चाळीस. छाप नाही.”

जवळून.

“घेर पन्नास.”

एवढं बारीक झाड काठावर नव्हतंच.

“छाप...”

...

ठक्!

घरी आला तर मांडीवर, गुडघ्याच्या चार बोटं वर, काळानिळा गोल. खात्याचाच छाप. मेहुणीने घासला, देवापुढे रात्र काढली. जाईना.

आठव्या दिवशी भर रस्त्यात लाकडाच्या ट्रकची साखळी तुटली. ओंडका नेमका त्याच पायावर. डॉक्टरांनी गुडघ्यापासून पाय काढला. मेहुणी म्हणते, जीव राहिला, ही देवाचीच कृपा...

 

“म्हणजे छापही गेला ना, मामा?” धाकटीने विचारलंच.

“पट्टी मीच बदलायचो त्याची, पोरी.” मामांनी पाय पोटाशी ओढले. “वरच्या बाजूला होता ना तो...

राहिलाय.”