धरमसिंगचे टाके

मी वाशीमच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. बाबांची थुंकी नळीत भरून डीएनए तपासणीला पाठवली, तेव्हा मला त्यात विशेष असं काही वाटलं नव्हतं.

बाबा, म्हणजे इंद्रभान गुरुजी, केनवडच्या रंगूबाईनं वाढवलेले. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांच्या तळावरून तिनं त्यांना तान्हं असताना घरी आणलं. आईबाप कोण, हे तिलाही ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षी पित्ताशयाचं ऑपरेशन झाल्यापासून बाबांनी एकच धरलं होतं. "योगी, माह्यी मानसं कोन व्हती, येवढं पाह्य."

निकाल आला. धनजजवळच्या एका तांड्यावरच्या धरमसिंगशी तंतोतंत जुळणी. खाली सूचना होती, की ही एकच व्यक्ती असावी किंवा एकसारखी जुळी भावंडं. त्या तांड्यावर एका संशोधन संस्थेनं नमुने घेतले होते आणि धरमसिंगच्या मुलानं, बादलनं, नातेवाइकांना कळवायची परवानगी दिली होती.

जुळा भाऊ. शास्त्रात बसणारं उत्तर. बाबांनी त्याच दिवशी भावासाठी टॉवेल-टोपी आणि वहिनीसाठी लुगडं घेतलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा भर दुपार होती. निम्म्या घरांना कुलपं, माणसं ऊसतोडीला गेलेली. अंगणांत तुरीच्या वाळलेल्या काड्यांचे भारे. निंबाखालच्या बाजेवर धरमसिंग बसला होता. चेहरा बाबांचाच, फक्त उन्हानं करपलेला. तो खोकत उठला. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले.

त्याच्या बायकोनं, रुपाबाईनं, चहा आणला. तिची नजर मात्र सारखी बाबांच्या पोटाकडे जात होती.

"गुरुजी, मांगच्या पोळ्याले तुमाले काय झालतं?"

"पित्ताशय काढलं. अकोल्याले."

तिनं हातातली बशी खाली ठेवली. मग नवऱ्याची बंडी वर केली. उजव्या बरगडीखाली तिरपा व्रण होता, दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके. खालच्या टोकाला थोडा वळलेला. बाबांची पट्टी मी स्वतः बदलत असे. तो व्रण मी ओळखला.

"कोणत्या दवाखान्यात केलं?" मी विचारलं.

"दवाखान्याचं तोंड नाही पाह्यलं बाई," धरमसिंग म्हणाला. "पोळ्याच्या दिसी ह्याच बाजेवर निजलो व्हतो. उठलो त टाके व्हते. रगताचा थेंब नाही."

"मंग म्याच काढले, बिलेडनं," रुपाबाई म्हणाली. "काळा दोरा व्हता."

जुळ्यांची जनुकं सारखी असतात, व्रण नसतात. हे मी दरवर्षी वर्गात सांगते.

धरमसिंगनं बाबांकडे पाहिलं. "माह्यं काही तुमच्या अंगावर येते का?"

बाबा हसले. मग हसायचे थांबले. दर हिवाळ्यात त्यांच्या तळहातांना फोड येत, कातडी फाटे. खडूशिवाय काही हाती न धरलेला माणूस. डॉक्टर खडूची ॲलर्जी म्हणत. धरमसिंगनं ऊसतोडीच्या कोयत्यानं घट्टे पडलेले आपले हात समोर धरले. बाबांनी आपले हात पाठीमागे नेले.

चहा तसाच राहिला.

"आता जा तुमी," रुपाबाई म्हणाली. "राग नका मानू. ह्यायची छाती लई दिसापासून कफानं भरून येते. तुमी जपून राह्यजा."

"दवाखान्यात चाल," बाबा भावाला म्हणाले. "आत्ताच. मी नेतो."

"उन्हाळा लागू द्या, मंग पाहू."

"माह्यासाठी चाल ना रे."

बाबा ते मायेनं म्हणाले की भीतीनं, मला कळलं नाही. धरमसिंग मान हलवत राहिला. तो आला नाही.

त्यानंतर मी बाबांच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. छाती, हृदय, रक्त, सगळं ठणठणीत. बाबा रोज तांड्यावर फोन करायचे, भावाला दवाखान्याचं सांगायचे, आणि फोन ठेवल्यावर स्वतःच्याच छातीवर हात ठेवून बसायचे.

होळीनंतरच्या एका रविवारी सकाळी बादलचा फोन आला.

"ताई, बा पहाटीच गेले. सांगाले उशीर झाला. शेतात माती देऊन राह्यलो आता."

मी फोन तसाच हातात घेऊन अंगणात धावले. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. पायांवर ऊन पडलेलं. मी त्यांची नाडी धरली. नीट चालली होती.

मी श्वास सोडला.

तेवढ्यात त्यांच्या हातातला पेपर खाली गळला.

"योगी, अंगावर काय टाकून राह्यली गं? जड होऊन राह्यलं."

त्यांच्या अंगावर काहीच नव्हतं.

बादलनं फोन बंद केला नव्हता. पलीकडे फावडं मातीत घुसल्याचा आवाज आला, आणि बाबांनी डोळे मिटून ओठ घट्ट आवळले, तोंडात काही जाऊ नये म्हणून आवळतात तसे.