आजोबांच्या पोटातले उपाशी भाडेकरू

आजोबा सांध्यांची औषधं घेतात, इतकं मऊ, हलकं जेवतात, तरी त्यांच्या बोटांची सूज वाढतेच कशी? युगाला हे कोडं सुटेना. आजोबा-नातवंडांच्या जोड्यांची कॅरम स्पर्धा तोंडावर आली होती आणि तिच्या जोडीदाराला स्ट्रायकर मारवत नव्हता.

"माझं पोट नाजूक झालंय, हलकंच द्या," असं आजोबांनी जाहीर केल्यापासून घरचा स्वयंपाकी यंत्रमानव चटपट त्यांना गुरगुट्या भात, साबुदाण्याची खीर आणि चहात बुडवलेला टोस्ट देई. वरणाचंसुद्धा नुसतं पाणी.

शेवटी निशाआत्या आली. ती सूक्ष्मजीवांवर संशोधन करायची. तिने आजोबांना शेंगदाण्याएवढा सूक्ष्मदर्शक गिळायला लावला. चटपटच्या छातीवरच्या पडद्यावर आतडं दिसू लागलं.

"हे जिवाणू (नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव). तुझ्या आजोबांचे भाडेकरू! भाकरी, भाजी, उसळ यांतला चोथा आपल्याला पचत नाही, त्यावर हे जगतात. बदल्यात आतड्याच्या भिंतीला पोसतात," आत्या म्हणाली.

"आणि चोथा मिळालाच नाही तर?" युगाने विचारलं.

"भिंतीवरचा बुळबुळीत लेप खातात. तो पातळ झाला की नको ते कण रक्तात झिरपतात आणि शरीराचे पहारेकरी खवळतात. म्हातारपणी ते आधीच चिडखोर! मग दाह (आतल्या आत धुमसणारी सूज) वाढतो. दुखरे सांधे आणखी दुखतात."

"आदेश 'हलकं' असा होता," चटपटने हात झटकले.

युगाने डोळे बारीक केले. "आजोबा, हे मऊ जेवण सुरू व्हायच्या आधी पोट खरंच दुखायचं?"

आजोबा पंख्याकडे बघू लागले. मग पुटपुटले, "कवळी टोचते गं. भाकरी चावता येत नाही. असं चारचौघांत सांगायचं कसं?"

"म्हणून बिचाऱ्या पोटावर आळ!" आत्या म्हणाली.

कवळी नीट बसवून घेतली. सांध्यांची औषधं चालूच राहिली. चटपट आता मऊ शिजवलेली मटकी, दुधात कुस्करलेली भाकरी, पालेभाजी देऊ लागला, तेही बेताबेताने. "एकदम वाढवलंस तर पोटात वायूची आतषबाजी होईल," आत्याने बजावलं होतं.

सूज पूर्ण गेली नाही, पण उतरली. स्पर्धेत आजोबांनी पहिल्याच डावात राणी घेतली. दुसऱ्या फेरीत मात्र युगाचे नेम चुकत गेले आणि जोडी हरली.

युगाचं तोंड उतरलं. आजोबा बोटं उघडमीट करत म्हणाले, "माझी बोटं पुढच्या वर्षीपर्यंत आणखी सुधारतील. तुझ्या नेमाचं काय करायचं, ते बोल!"