वीज पडल्यावर बघू नये

"ओ टोपीवाल्या बाई! खाली बसा... खाली!"

हिलारियाने वळून पाहिलं. समोरच्या उतारावर एक अनोळखी माणूस बेडकासारखा उकिडवा बसून तिला हातवारे करत होता. आभाळ काळंठिक्कर, गारा तडतडत होत्या, लामांचा कळप बांधाला चिकटून उभा होता — आणि या गृहस्थाला बसायची पडली होती.

"पोट बिघडलंय का तुमचं?" ती ओरडली.

"वीज पडेल! पाय जुळवा, टाचेला टाच लावा, डोकं गुडघ्यात! झोपू मात्र नका!"

"मग इकडे येऊन दाखवा ना!"

"नको — लांबच बरं!"

एवढा अपमान तिचा आजवर कुणी केला नव्हता. तरी ती बसली, घागऱ्यांचा पसारा कसाबसा आवरत. गारा थांबेपर्यंत दोघं तसेच, आरडाओरडा करत गप्पा मारत राहिले. वीज कडाडली की दोघंही चिडीचूप... मग दोघंही एकदमच बोलायला लागायचे, आणि हसू यायचं.

तो रुफिनो तिकोना. एल आल्तो शहरातला वायरमन. गेल्या पावसात आमच्या याकारीच्या शाळेवर वीज पडली, तेव्हापासून आयाबाया पोरांना शाळेत धाडेनात. म्हणून छपरावर तांब्याची सळई बसवायला त्याला बोलावलं होतं. गावाने त्याला पहिल्याच दिवशी इंजिनियर करून टाकलं. तो आधी नाही-नाही म्हणाला, मग गोड मानून घेतलं. आठवड्याचं काम त्याने महिनाभर पुरवलं, आणि ते संपल्यावरही दर रविवारी त्याला सळई तपासायची असायचीच. सळई शाळेवर होती. तो मात्र सापडायचा हिलारियाच्या कुरणात, उकडलेल्या शेंगा सोलत.

ढग आले की मात्र तो उठून दूर जायचा.

"इतर मुलं गडगडाट झाला की पोरीजवळ सरकतात," ती म्हणाली. "तू पळून जातोस."

"एका विजेत दोघं सापडायला नकोत. एक तरी शिल्लक हवा ना... दुसऱ्याला उठवायला."

"आणि मी नाही उठवलं तर?"

"तर भूत होऊन तुझे लामा रोज शेजारच्या गावात सोडून येईन."

"मग उठवीन बाई," ती हसली. "लामांसाठी."

दवाखान्यातल्या नर्स एल्वाबाईंना घेऊन त्याने शाळेच्या अंगणात सगळ्या गावाला शिकवलंही. समोर बटाट्याचं पोतं आडवं टाकलं. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, तेव्हा बेधडक हात लावा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दाबत राहा, जोरात आणि भरभर. हिलारियाने असं दाबलं की पोत्याची शिवणच उसवली आणि बटाटे अंगणभर झाले.

"हिच्या नवऱ्याची काही खैर नाही!" एल्वाबाई म्हणाल्या. रुफिनोचे कान लालबुंद झाले, आणि ते सगळ्या गावाने पाहिले.

पण आमच्याकडे मूल चालायला लागायच्या आधी आणखी एक गोष्ट शिकतं. वीज माणसावर तीनदा पडते. पहिलीने तो मरतो, दुसरीने त्याचे तुकडे होतात, तिसरीने तो परत जुळून उठतो — मात्र कुणी बघता कामा नये. एक जरी नजर पडली तर तो कायमचा गेला. हिलारियाच्या आईचे वडील असेच उठले होते. त्यांच्या भावाने पाठ फिरवली होती म्हणून आपलं घर आहे, असं तिची आई सतत सांगायची. हिलारियाने हे रुफिनोला सांगितलं, तेव्हा तो हसला नाही, वादही घातला नाही. "नशीबवान होते आजोबा," एवढंच म्हणाला. खुळा! त्या दिवशी कडकडून भांडायला हवं होतं त्याने. पण प्रेमात पडलेला माणूस पोरीच्या आजोबांशी कशाला भांडेल?

फेब्रुवारीतल्या, म्हणजे आमच्या ऐन पावसाळ्यातल्या, एका दुपारी तो आला तो नवीन शर्ट घालून, सारखा घसा खाकरत.

"तुझ्या आईला भेटायचंय... तुझ्याबद्दल," तो म्हणाला, आणि तेवढ्यात डोंगरामागून ढग आला. "आधी हा जाऊ दे. मग बोलू."

तो दूर जायला निघाला. जाता जाता मागे वळून हसला. तेव्हाच वीज पडली.

हिलारिया भुईवर आपटली. कानात नुसतं घूं... डोळे उघडले तेव्हा रुफिनो उताणा पडलेला, एक बूट कुठल्या कुठे. हालचाल नाही. ती धडपडत त्याच्यापर्यंत पोचली. हात पुढे झालेसुद्धा होते — आणि मग तिने ते मागे घेतले. पाठ फिरवली, शालीत तोंड खुपसलं. बघत नाही मी, बघत नाही, उठ रे राजा, उठ... सगळा जीव मागे ओढ घेत होता, आणि ती त्या जिवाला मुठीत आवळून उभी होती. आयुष्यात तिने कुणासाठी इतकं कठीण काही केलं नव्हतं.

रस्त्यावरून चाललेल्या एल्वाबाईंनी हे पाहिलं. मोटरसायकल टाकून त्या धावत आल्या, तर हिलारियाने त्यांचा एप्रनच धरला.

"बघू नका, बाई! मरेल तो!"

"अगं, मेलाय तो! सोड मला!"

बाईंनी तिला ढकललं आणि छाती दाबायला घेतली. दाबत राहिल्या, दाबत राहिल्या... शेवटी तो कण्हला.

ला पाझच्या हॉस्पिटलात तो वाचला. एक कान गेला, उजवा हात थरथरायचा थांबेना. पेचकससुद्धा धरवत नव्हता. एल्वाबाई मनाने चांगल्या. पोरगी रस्त्यापर्यंत ओरडत धावली म्हणून मी वेळेत पोचले, असं त्यांनी त्याच्या आईला सांगून टाकलं.

ईस्टर झाल्यावर तो याकारीला आला. वाळलेला, पण डोळे तेच. आईने भाजलेला पाव त्याने हिलारियाच्या हातात दिला.

"आई म्हणाली, जिने तुला वाचवलं तिलाच सून करून आण." तो हसला. "मी म्हटलं, विचारून बघतो..."

तिने नुसतं गप्प बसायचं होतं. तेवढ्यावर सगळं तिचं होतं.

"मी धावले नाही, रुफिनो."

"म्हणजे?"

"तिथेच होते. पाठ करून. तू उठावास म्हणून..." तिला हुंदका आवरेना. "एल्वाबाईंनाही धरून ठेवलं मी."

तो हसायला गेला, ते जमलं नाही. डाव्या हाताने त्याने थरथरणारा उजवा हात दाबून धरला.

"पोतं तर फाडलं होतंस तू."

"हो."

"शिकवलं होतं मी तुला."

"येत होतं मला सगळं. पण तू होतास ना रे तिथे... पोतं नव्हतं. चुकून बघितलं आणि तू गेलास तर? तेवढीच भीती वाटली."

"कळतं गं. आईशप्पथ कळतं." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, थोडं आधी कुणी हात लावला असता तर..."

त्याने वाक्य सोडून दिलं. खाली रस्त्यावर मिनीबसचा हॉर्न वाजला.

"पुन्हा कधी कुणावर वीज पडली," ती घाईघाईने म्हणाली, "तर मी तोंड फिरवणार नाही. गाव काहीही म्हणो. शप्पथ!"

"माहीत आहे मला." तो उठला. डाव्या हाताने त्याने तिच्या गालावरचं पाणी पुसलं. "फक्त... तेव्हा खाली पडलेला मी नसेन, हिलारिया."