निजलेल्या चुलीचा धूर

"मयूरी, चूल निजवली ना, की मग शेजारणीच्या चुलीवरचंही तोंडात घालायचं नाही. नाहीतर ते कसलं व्रत? आपला धूर तिच्या घरात नेऊन सोडल्यासारखंच झालं."

सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली होती. तरी सप्तमीला चुलीवर हळदकुंकू वाहताना हा आवाज मयूरीकाकूंना हमखास ऐकू यायचा. श्रावणातली शीतळासप्तमी बऱ्याच घरांत पाळतात, सासूबाईंनी ती वर्षातल्या प्रत्येक सप्तमीला पाळली आणि शेवटच्या दुखण्यात सुनेचा हात धरून म्हणाल्या, "हे मोडू नकोस." त्या दिवशी चूल पेटवायची नाही; भिजवलेले पोहे, ताक, एखादं केळं. बसमध्ये बसायचं नाही, रात्री समईखेरीज दिवा नाही.

आणि त्या दिवशी मनगटावरच्या पट्टीवरचे दोन धूरवाटे तसेच्या तसे उरायचे.

काकूंच्या लहानपणी धूर फुकट होता. ज्याने करावा त्याने करून मोकळं व्हावं. उन्हाळे तापले, कृष्णेचे पूर वाढले, ते सोसायचे मात्र सगळ्यांनी. मग धुराला किंमत लावायचं ठरलं. आकाशाला वर्षभरात किती कार्बन वायू झेपेल याचा आकडा शास्त्रज्ञांचं नभमंडळ ठरवी. त्याचे किलोकिलोचे वाटे पाडत आणि दर माणसाला महिन्याला साठ देत. स्वयंपाकाचा गॅस, रात्रीची वीज, बस, सिमेंट, साबणाची वडीसुद्धा, ज्यात जेवढा धूर तेवढे वाटे पट्टीवरून कमी होत. कुणाचे उरले तर महिनाअखेरीस ते आपोआप बाजारात जात, आणि ज्याला कमी पडतील तो चालू दराने विकत घेई. शेजाऱ्याला हातोहात द्यायचीही मुभा होती. त्याला लोक हातवाटा म्हणत.

काकूंची पुतणी अन्विता नभमंडळात होती. श्रावणात ती कराडला आली, तेव्हा काकूंनी सहज विचारलं, "का गं, माझे सप्तमीचे वाटे बाजारात जातात, ते पुढे कुठे जातात?"

"प्रत्येक वाट्याला नंबर असतो, काकू. बघू?" अन्विताने काकूंची पट्टी आपल्या पाटीला टेकवली आणि जरा वेळाने हसली. "मागच्या सप्तमीचा तुझा धूर ढगांवर जाऊन आला. हौशी लोकांना तासभर आकाशात फिरवून आणणारी विमानं असतात ना, त्यांनी घेतला."

"म्हणजे मी पोहे भिजवून खाल्ले, ते कुणीतरी ढगात फिरावं म्हणून?"

"एकूण वाटे ठरलेले असतात गं. तू नाही वापरलास, तर दुसरा वापरणार. एक चूल निजते, एक कुठेतरी जागी होते. उलट तू उपास केलास की बाजारात वाटे वाढतात आणि धूर थोडा स्वस्तच होतो."

शेजारणीच्या चुलीवरचं काकूंनी कधी खाल्लं नव्हतं. पण त्यांची चूल उचलून कुणी तरी तिसरीकडेच पेटवत होतं.

"मग कुणालाच मिळू नये असा तो ठेवता येत नाही?"

"येतो की. वाटा कायमचा मोडीत काढायची सोय आहे. फारसं कुणाला माहीत नाही. पट्टीवर अंगठा ठेवायचा आणि 'सोडला' म्हणायचं. तेवढा धूर मग जगात होतच नाही."

"म्हणजे उदक सोडायचं," काकू म्हणाल्या. दान करताना हातावरून पळीभर पाणी सोडतात, आपला हक्क संपला म्हणून. तेच त्यांना आठवलं.

पुढच्या सप्तमीला त्यांच्या भजनी मंडळातल्या चाळीसही जणींनी तुळशीपाशी पाणी सोडलं आणि अंगठे टेकवले. चाळीसांचं बघून शेजारच्या गावचं मंडळ आलं, मग वाई, मग सांगली. मार्गशीर्षापर्यंत व्रत धरलेल्या बायका काही लाखांवर गेल्या. आकाशात जाणाऱ्या धुराचा आकडा पहिल्यांदाच ठरल्यापेक्षा खाली आला. अन्विताने फोन करून सांगितलं, "काकू, आमच्याकडे सगळे तुझं नाव विचारतायत." काकूंनी त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली.

संक्रांतीला चौदा दिवस राहिले, तेव्हा त्या मंडळाची सुगडं सांगायला कुंभारवाड्यात गेल्या. काळी सुगडं करणारी हर्षदा आता एकटीच उरली होती. लाल मडकी उन्हाच्या भट्टीतही भाजतात. काळं मडकं मात्र धुरात कोंडल्याशिवाय काळं होत नाही. दरवर्षी चाळीस घरांची सुगडं हर्षदाकडचीच, हा काकूंचा शब्द होता.

कच्ची सुगडं ओळीने वाळून बसली होती. भट्टीवर मांजर झोपलेलं.

"गार आहे म्हणून झोपलंय," हर्षदा म्हणाली. "बसा काकू. चहा नाही देणार, आमचे वाटे संपलेत."

"भट्टी कधी लावणार?"

"नाही लावणार. एका खेपेला पन्नास-पंचावन्न वाटे लागतात. महिन्याचे साठ तर घरातच संपतात. श्रावणापासून दर तिप्पट झालाय. कुणी बायकांनी म्हणे वाटे मोडीत काढायचं व्रत धरलंय." तिने मडक्यावरची माती बोटाने पुसली. "चांगलंच करत असतील. पण पोट भरलेलं असलं की सुचतं असलं. मी संक्रांतीनंतर शीतगृहात कामाला जाणार. ही फोडून पुन्हा माती करते."

"फोडू नकोस," काकू एवढंच म्हणाल्या. "सुगडं तुझ्याकडचीच असतील. मी शब्द दिलाय."

"तुम्ही भाजणार आहात का?" हर्षदा हसली.

दुसऱ्या दिवशी सप्तमी होती. चूल निजवून काकूंनी अन्विताला फोन लावला.

"ती विमानं थांबली का गं?"

"नाही काकू. तिकीट वाढलं. भरलेलीच जातात."

"मग थांबलं कोण?"

"ज्याला दर परवडत नाही तो. किमतीचं कामच ते. ज्याला सोडणं सोपं, त्याने आधी सोडावं. फक्त सोपं कुणाला आणि परवडत नाही कुणाला, यातला फरक किमतीला दिसत नाही."

"पूर्वी उपास मी करायची आणि उपाशीही मीच राहायची," काकू शांतपणे म्हणाल्या. "आता उपास मी करते आणि उपाशी हर्षदा राहते."

"मग सोडून दे व्रत."

"सासूबाईंना शब्द दिलाय." त्यांनी पट्टीकडे पाहिलं. "नव्या महिन्याचे साठ आजच आलेत. दोन सप्तम्यांचे चार बाजूला काढले, तर छप्पन्न उरतात. तेवढ्या हातवाट्यात तिची एक खेप निघेल."

"आणि महिनाभर तू काय खाणार? पौषातल्या थंडीत भिजवलेले पोहे?"

"पोहे सोसतात मला."

"सुगडं तरी गरम गरम आण तिच्याकडून."

"चाळीसातली माझी नकोत. माझ्याच धुराची सुगडं मीच पुजायची, म्हणजे शेजारणीच्या चुलीवरचं खाल्ल्यासारखंच की."

काकूंनी तुळशीपाशी पळी भरून घेतली, पण पाणी हातावर पडायच्या आधी त्यांचा हात थांबला.

"अन्विता, हे चार मी आज सोडले, तर ते कुणाला कमी पडतील?"

"ते नाही कळत, काकू. वाटा वापरला की नंबर सांगतो कुणी वापरला. कुणाला मिळाला नाही, ते कुठेच उमटत नाही."

काकू पळीतल्या पाण्याकडे बघत राहिल्या. कुठेतरी कुणाच्या तरी गार भट्टीवर अजून एक मांजर झोपलं असेल. तिथे जाऊन शब्द द्यायला त्यांना ते घर माहीत नव्हतं. मग त्यांनी पळी कलती केली. पाणी हातावरून मातीत गेलं. अंगठा टेकवून त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "सोडले." या खेपेला साखर ठेवायला हात गेला नाही.

पट्टीवर छप्पन्न उरले होते. सप्तमी, म्हणजे बस नाही, आणि कुंभारवाडा चालत पाऊण तास. काकूंनी शाल घेतली, निजलेल्या चुलीकडे एकदा पाहिलं, दार ओढून घेतलं आणि चालू लागल्या.